लक्ष्मी रोड की मॉल? ग्राहक कुठे जाणार हे पार्किंगवर ठरतं, पण ती जागा दिवसभर अडवतं कोण?

पुण्यात दर दिवाळीला एक वाद ठरलेला असतो. लक्ष्मी रोडचे व्यापारी म्हणतात, गाडी लावायला जागाच नाही, म्हणून आमचं गिऱ्हाईक मॉलला चाललंय. ट्रॅफिकवाले म्हणतात, रस्ता रुंद होणार नाही, गाड्या मात्र वाढतायत. आणि सोशल मीडियावर पुणेकर म्हणतात, तिकडे गाडी घेऊन जातंच कोण?

तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण या भांडणात एक गट कधी बोलताना दिसत नाही, तो म्हणजे त्या दुकानांमध्ये काम करणारी माणसं. ग्राहक तासाभरासाठी येतो आणि जातो. दुकानातली माणसं सकाळी येतात आणि रात्री जातात. त्यांच्या गाड्याही तशाच.

त्यामुळे पेठेतला बाजार टिकणार की मॉल जिंकणार, हा प्रश्न फक्त "काय मिळतं आणि कितीला मिळतं" एवढाच नाही. कोण कशाने येतो, किती वेळ थांबतो आणि रात्री घरी कसा जातो, यावरही तो ठरतो. हेच जरा नीट समजून घेऊ.

बाजार एकच नाही

पुण्यात खरेदीची ठिकाणं म्हटली की निदान तीन जग डोळ्यांसमोर येतात.

पहिलं पेठेतलं. लक्ष्मी रोडवर साड्या आणि सोनं, तुळशीबागेत भांड्यांपासून कानातल्यांपर्यंत सगळं, आणि शेजारी महात्मा फुले मंडई. तुळशीबागेचं राममंदिर पेशवाईतलं, मंडईची इमारत एकोणिसाव्या शतकातली. म्हणजे हा सगळा बाजार मोटारी यायच्या आधीचा आहे. इथल्या जुन्या वाड्यांना पार्किंग असण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसरं जग डेक्कन, जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्त्याचं. कॉलेजची पोरं, कपडे, चपला, खाणं. इथे खरेदी कमी आणि फिरणं जास्त.

तिसरं मॉलचं. नगर रस्त्यावरचं फिनिक्स मार्केटसिटी आणि हडपसरजवळचं अमनोरा, दोन्ही २०११ मध्ये सुरू झाले. वाकडला फिनिक्स मॉल ऑफ द मिलेनियम २०२३ मध्ये उघडला. ही तिन्ही ठिकाणं शहराच्या कडेला, आयटी पार्कच्या पट्ट्यात आहेत. नवीन इमारतीला बांधकाम नियमावलीप्रमाणे पार्किंग द्यावंच लागतं, त्यामुळे मॉलचे मजलेच्या मजले गाड्यांसाठी असतात.

आता गंमत बघा. माणूस कशाने येतो यावर तो काय घेतो हेही ठरतं. तुळशीबागेत बसने किंवा चालत आलेली बाई दोन्ही हातांत मावेल एवढंच घेते, पण पुन्हा येते. मॉलमध्ये कारने आलेलं कुटुंब महिन्यातून एकदा येतं, डिकी भरतं, सिनेमा बघतं, जेवतं आणि मग निघतं.

लग्नाच्या बस्त्याचं तंत्र आणखी वेगळं. बारामती, शिरूर, सातारा भागातून दोन्हीकडची मंडळी एकत्र निघतात, म्हणजे एक-दोन मोठ्या गाड्या आल्याच. आज्जी सोबत, लहान मुलं सोबत, परत जाताना साड्यांची गाठोडी. या लोकांना "बसने या" म्हणणं म्हणजे "येऊ नका" म्हणण्यासारखंच. सीझनमधल्या एका बस्त्यावर दुकानाचा बराच धंदा अवलंबून असतो, त्यामुळे व्यापाऱ्याला पार्किंग महत्त्वाचं वाटतं यात चूक काही नाही.

चूक पुढच्या पायरीवर होते. पार्किंग कमी आहे, म्हणून आणखी पार्किंग द्या. पण आहे त्या पार्किंगमध्ये दिवसभर कोण उभं आहे?

एका गाडीची जागा आणि तेरा ग्राहक

साधा हिशोब करून बघा. एका चारचाकीला साधारण अडीच बाय पाच मीटर जागा लागते. दुचाकीला एक बाय दोन मीटर धरतात. म्हणजे एका कारच्या जागेत सहा दुचाकी बसतात, आणि पुणेरी पद्धतीने लावल्या तर त्याहून जास्त.

आता समजा, दुकानासमोरच्या अशा एका जागेत दुकानमालकाची गाडी सकाळी दहाला लागली आणि रात्री आठला निघाली. दहा तास. त्याच जागेत प्रत्येकी पाऊण तास थांबणारे ग्राहक आले असते, तर दिवसभरात तेरा गाड्या येऊन गेल्या असत्या. तेरा ग्राहकांची जागा एका गाडीने खाल्ली, आणि तीही गिऱ्हाइकाची वाट बघणाऱ्याच्याच.

रस्त्याकडेचं पार्किंग फुकट असलं की हे होणारच, कारण फुकट जागा जो पहिला येतो त्याला मिळते. आणि बाजारात सकाळी पहिला कोण येतो? दुकान उघडणारा. पेठांमधले सम-विषम तारखांचे पी-१, पी-२ चे फलक गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूला लावायची ते सांगतात. ती किती वेळ ठेवायची, याच्याशी त्यांचा संबंध नसतो.

हा आजार पुण्याचा एकट्याचा नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ पॅसाडिना नावाचं शहर आहे. तिथल्या जुन्या बाजारपेठेत, ओल्ड पॅसाडिनात, हीच रड होती. पार्किंगला दोन तासांची मर्यादा होती, तरी सोयीच्या जागा दुकानांमधले कर्मचारीच अडवायचे. पैसे घ्यायची कल्पना निघाली तेव्हा व्यापाऱ्यांनी विरोध केला. आधीच मॉलने खाल्लंय, आता उरलेलं गिऱ्हाईकही पळेल, असं त्यांचं म्हणणं. ओळखीचं वाटतंय ना?

मग महापालिकेने सौदा केला. पार्किंगचे पैसे दुसरीकडे जाणार नाहीत, याच बाजाराचे फुटपाथ, दिवे आणि स्वच्छता यांवर खर्च होतील. १९९३ मध्ये मीटर बसले. कर्मचाऱ्यांच्या गाड्या मागच्या वाहनतळांकडे सरकल्या, समोरची जागा ग्राहकांना मोकळी झाली आणि बाजार पुन्हा उभा राहिला. पार्किंगवर आयुष्यभर अभ्यास केलेले प्राध्यापक डोनाल्ड शूप हे उदाहरण कायम द्यायचे. त्याच भागातल्या वेस्टवूड व्हिलेज या दुसऱ्या बाजारात पार्किंग स्वस्त होतं आणि तरी तो बाजार मागे पडला, हेही ते जोडून सांगायचे.

ग्राहक कशाने येतो, हे दुकानदाराला माहीत असतं का?

बर्लिनमधल्या दोन बाजाररस्त्यांवर संशोधकांनी दुकानदारांना आणि ग्राहकांना वेगवेगळं विचारलं. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दुकानदारांचा अंदाज होता की साधारण २२ टक्के ग्राहक कारने येतात. प्रत्यक्षात आकडा निघाला सुमारे ७ टक्के. बाजारात खर्च झालेल्या पैशांपैकी ९१ टक्के पैसे कारशिवाय आलेल्या लोकांचे होते.

त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त बोलका आहे. जे दुकानदार स्वतः कारने यायचे, त्यांना ग्राहकही जास्त प्रमाणात कारनेच येतात असं वाटायचं. माणूस स्वतःवरून जग ओळखतो म्हणतात, ते असं.

आता बर्लिन म्हणजे पुणे नाही. तिथे बस्ता नाही आणि दुचाकींचा एवढा लोंढाही नाही. त्यामुळे ७ टक्के हा आकडा उचलून लक्ष्मी रोडवर चिकटवणं हा बावळटपणा होईल. पण पद्धत उचलायला काय हरकत आहे? ग्राहकालाच विचारा, तू कशाने आलास, किती खर्च केलास, पुन्हा कधी येणार. पार्किंगवरचा प्रत्येक वाद या तीन प्रश्नांपासून सुरू झाला, तर निम्मा आवाज तिथेच कमी होईल.

पुण्यात वाद सहसा दुसऱ्याच टोकापासून सुरू होतो. २०१८ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं. रस्त्यावर गाडी लावायचे पैसे घ्यायचे, असा त्याचा गाभा. विरोध इतका झाला की ते आधी पाच रस्त्यांवर प्रयोग म्हणून राबवायचं ठरलं. पुढे ते रखडलंच. मंडईजवळ मिनर्व्हा आणि आर्यन, नारायण पेठेत हमालवाडा अशी महापालिकेची वाहनतळं आहेत. पण रस्त्यावर फुकट आणि वाहनतळात पैसे, अशी उलटी रचना असली की लोक वाहनतळात जाण्याआधी रस्त्यावर दोन फेऱ्या मारणारच. पेठेतल्या गर्दीत जागा शोधत फिरणाऱ्या या गाड्याही मोजायला हव्यात.

याच्या उलट टोकाचा प्रयोगही इथेच होतो. ११ डिसेंबरला महापालिका पादचारी दिन साजरा करते आणि लक्ष्मी रोडचा एक भाग दिवसभर गाड्यांना बंद ठेवते. लोक मोकळ्या रस्त्यावरून चालतात, फोटो टाकतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा जैसे थे. वर्षातल्या एका दिवसावरून धंदा वाढला की बुडाला, हे कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे दोन्ही बाजू आपापल्या मतावर खूश.

मेट्रो आली आणि पेठ जवळ झाली, पण कुणाला?

२९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा सुरू झाला. मधली दोन स्थानकं कसबा पेठ आणि मंडई. म्हणजे तुळशीबागेच्या पायाखालीच मेट्रो आली म्हणा. २०२५ च्या गणेश विसर्जनाला मेट्रो सलग ४१ तास चालवली गेली, आणि पेठेत गाडीशिवाय येणारे लोक किती असू शकतात हे सगळ्यांनी पाहिलं.

या मार्गाचं दुसरं टोक पिंपरी-चिंचवडला आहे. पिंपरीहून मंडईला मेट्रो न बदलता अर्ध्या तासाच्या आसपास पोहोचता येतं. निगडी-चिंचवडची जी बाई पूर्वी "पुण्यात कशाला, पिंपरी कॅम्पातच घेऊ" म्हणायची, तिच्यासाठी तुळशीबाग आता सोपी झाली आहे. त्यामुळे मेट्रोने पेठेला मॉलविरुद्ध बळ दिलं की पिंपरी कॅम्पाचं गिऱ्हाईक पळवलं, हा प्रश्न विचारायला हवा. नवा मार्ग बाजारात ग्राहक निर्माण करत नाही, तो बऱ्याचदा एका बाजाराचा ग्राहक दुसऱ्याकडे नेतो. आणि गाडी दोन्ही दिशांना धावते. मंडईतून बसून जिल्हा न्यायालयाला बदलून रामवाडीलाही जाता येतं.

रामवाडी हे सध्या त्या मार्गाचं शेवटचं स्थानक. फिनिक्स मार्केटसिटी त्याच्या पुढे, नगर रस्त्यावर. मधलं अंतर फार नाही, पण त्या रस्त्याच्या कडेने सामान घेऊन चालून बघा, मग लोक रिक्षा का करतात ते कळेल. याच नगर रस्त्यावर २०१६ मध्ये बीआरटी सुरू झाली होती. पुढे तिचा काही भाग काढून टाकण्यात आला. कारने येणाऱ्याला फरक पडला नाही, बसने येणाऱ्याला पडला.

तिकिटाचा भागही लक्षात घ्या. पुणे मेट्रोचं भाडं १० ते ३५ रुपये आहे. शनिवार-रविवारी ३० टक्के सवलत मिळते. चौघांचं कुटुंब मेट्रोने गेलं तर जाऊन-येऊन आठ तिकिटं. कारला माणसं मोजावी लागत नाहीत. म्हणून एकटी येणारी ग्राहक मेट्रोकडे लवकर वळते आणि कुटुंब उशिरा. तुळशीबागेला मेट्रोचा फायदा लक्ष्मी रोडच्या शालू-पैठणीच्या दुकानांपेक्षा जास्त व्हावा, तो यामुळेच.

काउंटरच्या पलीकडचा माणूस

आता त्या गटाकडे येऊ, ज्याचं नाव पार्किंगच्या बैठकीत निघत नाही.

साडीच्या दुकानात घड्या मोडणारा मुलगा, सोन्याच्या पेढीवरची सेल्सगर्ल, मॉलमधल्या ब्रँडच्या दुकानात दिवसभर उभी असलेली मुलगी, सुरक्षारक्षक, फूड कोर्टमधला पोऱ्या. यांतले बहुतेक जण पेठेत राहत नाहीत, विमाननगरमध्ये तर नाहीच नाही. कात्रज, धनकवडी, वडगाव, वारजे, लोहगाव, मांजरी, जिथे भाडं परवडतं तिथून ते येतात.

यांनी बसने यावं असं सगळ्यांनाच वाटतं. पण हिशोब काय सांगतो? १ जून २०२५ पासून पीएमपीचं भाडं वाढलं. पहिल्या टप्प्याला १० रुपये झाले, दिवसाचा पास ४० वरून ७० वर गेला आणि मासिक पास ९०० वरून १,५०० वर.

समजा, एखादा मुलगा दहा किलोमीटरवरून येतो. रोजचे जाऊन-येऊन २० किलोमीटर. बाइक लिटरला ४५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर दिवसाला साधारण ४७ रुपये. महिन्याचे २६ दिवस कामाचे, म्हणजे सव्वाबाराशेच्या आत. पास दीड हजाराचा.

यात बाइकचा हप्ता आणि सर्व्हिसिंग धरलेलं नाही, हे खरं. पण हप्ता तो कामावर गेला नाही तरी भरतोच. रोज सकाळी त्याच्यापुढे प्रश्न असतो तो पेट्रोल की पास एवढाच, आणि त्यात बाइक जिंकते. शिवाय बसची वाट बघावी लागत नाही. एकच अट, गाडी लावायला फुकट जागा हवी. ती तो कुठे शोधतो? दुकानासमोर, नाहीतर मागच्या गल्लीत. ग्राहकाची जागा अडवणारी दुचाकी अशी तिथे येते. त्या मुलाला बेशिस्त म्हणणं सोपं आहे, पण त्याने केलेला हिशोब चुकलेला नाही.

मॉलमध्ये हीच गोष्ट जरा लपून घडते. आत पार्किंग आहे, पण रोज आठ-दहा तासांचे पैसे भरणं कर्मचाऱ्याला परवडत नाही. मग त्याची गाडी आजूबाजूच्या सोसायट्यांच्या गल्लीत लागते आणि भांडणही तिथेच होतं. मॉलचा आपला पार्किंगचा प्रश्न सुटलेला दिसतो, कारण त्यातला एक तुकडा बाहेर ढकललेला असतो.

यापेक्षा मोठा प्रश्न रात्रीचा. मॉलमधली दुकानं साधारण दहापर्यंत चालू असतात. शटर बंद, हिशोब, आवराआवर होईपर्यंत साडेदहा. मेट्रो २०२५ च्या जानेवारीपासून रात्री अकरापर्यंत चालते, म्हणजे धावत गेलं तर मिळते. पण मेट्रोतून उतरल्यावर पुढे घरापर्यंत काय? रात्री त्या वेळी बस विरळ होतात. शेअर रिक्षात एकटी मुलगी बसणार का? म्हणून अनेक घरांत ठरून जातं, आठनंतरची ड्यूटी असेल तर ती नोकरी नको. पगार किती, हा प्रश्न त्यानंतर येतो. एखादी मुलगी मॉलऐवजी पेठेतल्या दुकानात कमी पगारावर का राहते, याचं उत्तर बऱ्याचदा शेवटच्या बसच्या वेळेत असतं.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येतं. तेव्हा तिच्या सुरक्षेची आणि घरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. वाचायला छान आहे. पण हा कायदा मुळात दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता, आणि २०२५ मध्ये ही मर्यादा वीसवर नेण्यात आली. मॉल कितीही मोठा असला तरी त्याच्या आतलं दुकान पाच-सात जणांचं असू शकतं. तुळशीबागेतला गाळा तर दोघांचा. मुली सगळ्या एकाच दारातून रात्री बाहेर पडतात, पण कुणाला गाडी मिळणार हे तिच्या दुकानाच्या हजेरीपटावर किती नावं आहेत त्यावर ठरतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने दारूविक्रीसारखे अपवाद वगळता दुकानं चोवीस तास उघडी ठेवता येतील, हे पुन्हा स्पष्ट केलं. "पुणं आता रात्री झोपणार नाही" अशा रील्स लगेच आल्या. रात्री दोन वाजता दुकान उघडं ठेवणारी माणसं घरी कशी जाणार, यावर रील काही दिसली नाही.

पुढे काय होणार?

दोन गोष्टी कागदावर ठरलेल्या आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने स्वारगेट ते कात्रज या भुयारी मार्गाला मंजुरी दिली. तो झाला की धनकवडी-कात्रजच्या कामगाराला मंडईपर्यंत थेट मेट्रो मिळेल. भाडं पेट्रोलच्या हिशोबात बसलं, तर दुकानासमोरच्या बऱ्याच दुचाकी कमी होऊ शकतात.

जून २०२५ मध्ये वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली या मार्गांना मंजुरी मिळाली. मिळून पावणेतेरा किलोमीटर, १३ स्थानकं, ३,६२६ कोटी रुपये, चार वर्षांचं उद्दिष्ट. यातला वाघोलीचा फाटा रामवाडीच्या पुढे विमाननगरवरूनच जाणार आहे. म्हणजे आज मंडईला मेट्रोचा जो फायदा आहे आणि मॉलला नाही, तो या दशकाच्या शेवटी संपेल.

तेव्हा मॉलकडे मेट्रो असेल, कारचं पार्किंग असेल आणि वर एसी. मधल्या काळात आपल्या दारातल्या जागेचं काय करायचं, हे ठरवायला पेठेकडे चारेक वर्षं आहेत. २०१८ चं पार्किंग धोरण तोवर दहा वर्षांपेक्षा जुनं झालेलं असेल.